रतामाच्या झुडपाखाली
(अभ्यासासाठी शास्त्रभाग : १ राजे १९:१-२१, प्रेषितांची कृत्ये १६:२५-३४)



या अंकातल्या पाठाचा विषय आपल्या मंडळ्यांमध्ये सहसा घेतला जात नाही. जीव नकोसा होणे, तो संपवावा असे विचार मनात येणे, ते विचार उराशी घेऊन दिवस काढणे, आणि त्या विचारांभोवती घरात, पाड्यावर व मंडळीत पसरलेली भीती, असा हा विषय आहे. नाव घेतले तर अपशकुन होईल अशा रीतीने आपण त्याकडे पाठ फिरवतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ माणसांनी आपला जीव संपवला. त्यांत सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ माणसे, आपल्या महाराष्ट्रातली होती. देशभरातल्या या मृतांपैकी दर चारांत एकाहून थोडे अधिक रोजंदारीवर पोट भरणारे होते. ज्या लोकांमध्ये आपली सेवा चालते ते बहुतांशी हेच लोक.

ही झाली गेलेल्यांची नोंद. ज्यांच्या मनात विचार येतो पण जे जगत राहतात, त्यांची नोंद कुठल्याच वहीत नसते आणि ते संख्येने कितीतरी अधिक आहेत. काही रविवारी आपल्या शेजारी बसून गीत गातात. हा पाठ मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्याजवळ राहणाऱ्यांसाठी आहे.

पाड्यावर फिरताना एक गोष्ट ध्यानात येते. 'आत्महत्या' हा शब्द तिथे कोणी स्वतःविषयी वापरत नाही. तो शब्द पेपरातला आणि पोलीस चौकीतला. वीटभट्टीवर सहा महिने राबून उचल फिटली नाही म्हणून रित्या हाताने परतलेला माणूस म्हणतो, "आता जीवाला कंटाळलो." बाळंतपणानंतर महिना महिना धड झोप नसलेली बाई म्हणते, "झोपले की उठूच नये असं वाटतं." सुट्टी संपवून आश्रमशाळेत परत आलेली मुलगी तर काहीच म्हणत नाही, ताटावरून उठते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. आणि कोणी म्हणते, "बाई, माझ्या पोरांकडे लक्ष ठेवाल ना?" हे शेवटचे वाक्य कानावर आले की मी चहाचा कप खाली ठेवते. त्या दिवशी पुढच्या भेटी होत नाहीत.

चार भित्या

ज्याच्या मनात असे विचार येतात त्याला दोन ओझी वाहावी लागतात. एक दुःखाचे आणि दुसरे भीतीचे. दुःख कशाचे आहे ते प्रत्येकाचे वेगळे. भीती मात्र जवळजवळ सारखीच असते आणि तीच तोंड बंद करते.

पाड्यावर पहिली भीती बाहेरच्या बाधेची. "काहीतरी लागलंय," असे म्हणून भगताकडे नेतात. आपण विश्वासणारे यावर मान हलवतो. पण मंडळीत काय होते ते पाहा. इथे म्हणतात, "सैतानाने धरलंय." शब्द बदलले, वागणूक तीच राहिली. माणसाला मध्ये बसवायचे, त्याच्याविषयी मोठ्याने बोलायचे, त्याच्याशी मात्र नाही. सैतान दुबळ्या घडीचा फायदा घेतो हे मी नाकारत नाही. परंतु ज्याला पंधरा रात्री झोप नाही, ज्याच्या घरात धान्य नाही, ज्याचे दुःख आजाराच्या पातळीला गेले आहे, त्याच्याकडे आपण फक्त बाधा म्हणून पाहिले तर त्या माणसाला आपण पाहिलेच नाही.

दुसरी भीती पापाची. "असा विचार मनात आला म्हणजे देवाने मला टाकले." ही भीती विशेषतः आपल्या लोकांमध्ये आढळते आणि जितका माणूस भक्तीत पुढे तितकी ती खोल जाते. पाळक, सुवार्तिक, शिक्षिका यांना तर आपली साक्ष बिघडेल म्हणून कुठे बोलताच येत नाही.

तिसरी भीती पोलिसांची. तिच्याबद्दल पुढे लिहिते, कारण तिच्यापायी माणसे वेळेवर दवाखान्यात पोहोचत नाहीत.

चौथी भीती आपली, म्हणजे ऐकणाऱ्यांची. "आपण विचारले आणि त्याच्या डोक्यात नसलेला विचार घुसला तर?" या भीतीने चांगली प्रेमळ माणसे गप्प राहतात. तिचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. या प्रश्नावर जगभर पुष्कळ अभ्यास झाला आहे आणि सरळ विचारल्याने विचार रुजतो असे त्यात आढळलेले नाही. उलट विचारल्याने बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. कोणीतरी दार उघडले, आता एकट्याने धरून ठेवायला नको, असे.

संदेष्टा मरण मागतो

पवित्र शास्त्र या विषयाला आपल्याइतके घाबरत नाही. मोशेने लोकांच्या भाराखाली दबून देवाजवळ मरण मागितले. योनाने मागितले. ईयोबाने आणि यिर्मयाने आपल्या जन्माच्या दिवसालाच शाप दिला. आशियात आलेल्या संकटाविषयी पौल करिंथच्या मंडळीला मोकळेपणाने कळवतो की आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. ही सगळी नावे आपण रविवार शाळेत मुलांना पाठ करून घेतो, पण त्यांच्या आयुष्यातली ही पाने सहसा उलटत नाही.

यांतला एलीयाचा प्रसंग सर्वांत सविस्तर लिहिलेला आहे. तो सावकाश वाचावा. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला, पाऊस आला, सगळ्या राष्ट्रासमोर विजय झाला. आणि लागलीच ईजबेल राणीच्या एका धमकीने हा मनुष्य पळत सुटला. थकवा अशा वेळी गाठतो. मोठे काम पार पडल्यानंतर, कन्व्हेन्शन संपल्यानंतर, घरातले लग्न उरकल्यानंतर. बैरशेबापर्यंत त्याचा चाकर त्याच्याबरोबर होता. तिथे त्याने चाकराला ठेवून दिले आणि पुढे एक दिवसाची वाट रानात एकटाच चालून गेला. हे वाक्य आपण घाईत वाचून पुढे जातो, पण इथे थांबावे. ज्याला जगणे नकोसे होते तो आधी सोबतीला दूर करतो. फोन घेत नाही, गृहप्रार्थनेला येत नाही, "तुम्ही व्हा पुढे" म्हणतो. बैरशेबा तिथे आहे.

मग तो रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि पुरे झाले, माझा प्राण घे, असे देवाला सांगतो. सांगता सांगता झोपी जातो.

देवाने काय केले? दूत पाठवला. दूताने बोध केला नाही. "तू संदेष्टा असून असे बोलतोस?" असे विचारले नाही. कर्मेलाची आठवण करून देऊन लाजवले नाही. त्याने स्पर्श केला आणि ऊठ, खा, असे म्हटले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी होते. एलीयाने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. दूताने झोपू दिले. मग दूत दुसऱ्यांदा आला आणि या वेळी म्हणाला की वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. देवाच्या दूताने मान्य केले की ओझे खरोखरच मोठे आहे! आपण अशा वेळी हमखास म्हणतो, "एवढं काय त्यात? लोकांनी यापेक्षा वाईट दिवस काढलेत."

आमच्या भागातल्या आयाबायांना हा पाठ सांगावा लागत नाही. दुःखाच्या घरी जाताना त्या नागलीची भाकर फडक्यात बांधून नेतात, बसतात, फार बोलत नाहीत. धर्मज्ञान शाळेत आम्ही या अध्यायावर पानेच्या पाने उत्तरे लिहिली, पण भाकरीकडे माझे लक्ष या बायांनी वेधले. फक्त दूताची दुसरी फेरी आपण विसरू नये. पहिल्या दिवशी सगळे जातात. दहाव्या दिवशी कोण जातो?

आता होरेब डोंगर. वारा, भूकंप, अग्नी आणि मग तो मंद, हळू आवाज, यांवर पुष्कळ संदेश ऐकलेत. माझे लक्ष दुसरीकडे जाते. देव एलीयाला दोनदा एकच प्रश्न विचारतो की तू इथे काय करीत आहेस. एकदा त्या आवाजाच्या आधी आणि एकदा नंतर. एलीया दोन्ही वेळा तेच उत्तर देतो, मी एकटाच उरलो. देवाचा आवाज प्रत्यक्ष ऐकल्यावरही त्याच्या मनातले ते वाक्य बदलले नाही. देव त्यावर रागावत नाही. विचार आधी जाऊ दे, मग तुला काम देतो, असेही म्हणत नाही. तो विचार असतानाच त्याला पुढची वाट देतो, एकटा नाहीस, सात हजार आहेत असे सांगतो, आणि अलीशाचे नाव देतो. अध्यायाच्या शेवटी अलीशा त्याच्या मागे जाऊन त्याची सेवा करू लागतो. ज्याने बैरशेबाला चाकर सोडला होता त्याला पुन्हा सोबती मिळाला. आणि गंमत पाहा, ज्याने झुडपाखाली मरण मागितले तो शेवटी मेलाच नाही. वावटळीतून वर घेतला गेला.

तेव्हा ज्यांच्या मनातले ते वाक्य प्रार्थनेनंतरही जात नाही, त्यांनी आपला विश्वास खोटा ठरवू नये.

काळोखातली हाक

फिलिप्पैच्या तुरुंगातला प्रसंग आपण तारणाच्या संदेशासाठी वापरतो आणि तो योग्यच आहे. पण त्यातला क्रम पाहावा. भूकंपाने दारे उघडली, अधिकाऱ्याला वाटले कैदी पळाले. आता अब्रू गेली, शिक्षा ठरलेली. त्या क्षणी त्याने स्वतःचा जीव घ्यायचे ठरवले. पौल काळोखातून मोठ्याने ओरडला की स्वतःला काही करून घेऊ नको, आम्ही सगळे इथेच आहोत. तारणाचे वचन त्यानंतर आले. आधी हाक आली, आणि त्या हाकेत दोनच गोष्टी होत्या. थांब, आणि आम्ही इथे आहोत. पौलाने दबक्या आवाजात प्रार्थना करून वाट पाहिली असती तर?

म्हणून विचारावे. आडून नव्हे, सरळ आणि साध्या शब्दांत, माणूस एकटा असताना, घाई नसताना. "ताई, इतकं सोसताना कधी जीव संपवावा असं मनात येतं का?" मग गप्प राहावे. उत्तर यायला वेळ लागतो. "हो" आले तर दचकू नये, रडू नये, वचने सांगू नयेत. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढे म्हणावे. पुढे विचारावे की किती दिवसांपासून येतात, आज येतात का, कसे करायचे ते ठरवले आहे का, तशी वस्तू हाताशी आहे का. हे विचारायला जीभ जड होते हे मला ठाऊक आहे. पण शेवटच्या दोन प्रश्नांचे उत्तर "हो" असेल तर त्या माणसाला एकट्याला सोडायचे नाही, रात्रभर सुद्धा नाही, आणि त्याच दिवशी दवाखान्याची वाट धरायची.

"कोणाला सांगू नका" अशी शपथ घालतील. ती घेऊ नये. "सगळ्या पाड्याला सांगणार नाही, पण तुझा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला तुला घेऊनच सांगू," असे म्हणावे. आणि मंडळीत हा विषय प्रार्थनेची विनंती म्हणून नावानिशी उभा करू नये. अशा विनंत्या दुपारपर्यंत बाजारात पोहोचतात.

"पोरांचा विचार कर" हे वाक्यही टाळावे. तो माणूस पोरांचाच विचार करत असतो. आपण नसलो तर त्यांचे बरे होईल असे त्याला त्या घडीला वाटते, आणि आपले वाक्य त्याची अपराधी भावना तेवढी वाढवते.

पोलिसांची भीती

पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाखाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. त्यामुळे घरचे लोक प्रकरण दाबत, घरगुती उपाय करत आणि मोलाचे तास वाया जात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ११५ कलमात म्हटले आहे की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरले जाईल, वेगळे सिद्ध झाल्याशिवाय, आणि तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवून शिक्षा होणार नाही. अशा व्यक्तीची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ते जुने ३०९ कलम नाही.

दवाखान्यात नोंद होते, पोलीस येऊन विचारपूस करू शकतात. त्याला घाबरून खोटे सांगू नये, विशेषतः पोटात काय गेले आहे याविषयी डॉक्टरांशी. भाषेची अडचण असेल तर मंडळीतला एक जाणता माणूस बरोबर जावा. खरे म्हणजे ही आपल्या वडीलजनांनी उचलायची सेवा आहे. रात्री-अपरात्री जीप काढणारा एक आणि केसपेपरच्या रांगेत उभा राहणारा एक.

अंतर

या विचारांविषयी सर्वांत आशेची गोष्ट ही की ते लाटेसारखे येतात. अगदी टोकाची इच्छा बहुधा फार काळ टिकत नाही; काही वेळा मिनिटांची, काही वेळा तासांची असते. लाट ओसरेपर्यंत माणूस आणि धोक्याची वस्तू यांच्यात अंतर राहिले तर जीव वाचतो. आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे अशा मरणाने मरत नाहीत. "ज्याला करायचं तो करतोच," ही म्हण झाली आहे, पण ती खरी नाही.

श्रीलंकेचे उदाहरण घ्या. तिथल्या खेड्यांत हे प्रमाण जगात फार वरचे होते. सरकारने १९९५ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये शेतीच्या अतिविषारी औषधांवर बंदी आणली. २००५ पर्यंत देशातले आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. लोकांची दुःखे त्या दहा वर्षांत निम्मी झाली नव्हती. युद्ध चालू होते. फक्त मरण हाताच्या अंतरावरून दूर गेले.

आपल्या शेतकरी घरांत फवारणीची औषधे बहुधा माळ्यावर किंवा चुलीमागच्या कोनाड्यात असतात. ती घरात ठेवू नयेत. दोन-तीन घरांनी मिळून शेतावर कुलपाची पेटी करावी आणि किल्ली ज्याचे मन सध्या ठीक आहे त्याच्याकडे द्यावी. उरलेले औषध पुढच्या हंगामासाठी साठवू नये. दवाखान्यातल्या गोळ्याही घरातल्या दुसऱ्याच्या हाती असाव्यात. ज्याच्या घरी हा प्रसंग चालू आहे तिथे हे आजच करावे.

आणि दारू. तिच्याविषयी मंडळीत आपण पुष्कळ बोलतो, ते पापाच्या अंगाने. इथे दुसरे अंग सांगते. नशेत लाट मोठी होते आणि आवरणारा हात ढिला पडतो. दुःख विसरायला घेतलेला पेला त्याच रात्री घात करू शकतो.

ज्याच्या मनात हे चालू आहे त्याच्याशी

भाऊ, बहिणी, कदाचित हा अंक तुम्ही कोणी पाहत नाही ना हे बघून वाचत असाल. दोन शब्द तुमच्याशी.

विचार आला म्हणजे तुम्ही तसे करणारच असे नाही. विचाराची तुम्हाला भीती वाटते, याचा अर्थ तुमच्यातले काहीतरी जगण्याच्या बाजूने उभे आहे. त्या भीतीला शत्रू समजू नका. ती रात्री राखण करणाऱ्या कुत्र्यासारखी आहे. तिने भुंकले की उठा आणि कोणाला तरी हाक मारा. दोन माणसे आधीच ठरवून ठेवा, एक नको, कारण एकाचा फोन नेमका तेव्हा लागत नाही. त्यांना बरे असतानाच सांगून ठेवा, "मी 'घरी या' एवढंच म्हणेन, मग काही विचारू नका, या." नावे कागदावर लिहून भिंतीला लावा किंवा बायबलात ठेवा. लाट आली की घरातून बाहेर, माणसांत या. अंगणात, शेजारी, कुठेही. आयुष्यभराचा निर्णय त्या रात्री करायचा नाही, फक्त सकाळ गाठायची.

प्रार्थना जमत नसेल तर ८८ वे स्तोत्र उघडा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. ते काळोखातच संपते आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्या. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. कोणी प्रार्थना करून "आता गोळ्यांची गरज नाही" असे सांगितले तर त्यांचे आभार माना आणि गोळी घ्या. बंद करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. शोमरोनी माणसाने त्या जखमी वाटसरूला तेल व द्राक्षारस लावला आणि उतारशाळेत नेले. प्रभूने त्यालाच शेजारी म्हटले.

हे विचार काहींचे एकदा येऊन जातात. काहींचे वर्षानुवर्षे परत येत राहतात. अशांसाठी एका भक्ताविषयी लिहिते. विल्यम कूपर हा इंग्लंडमधला कवी, जन्म १७३१. नोकरीसाठी परीक्षेला सामोरे जायच्या धास्तीने १७६३ साली त्याने जीव संपवण्याचा प्रयत्न केला आणि त्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले. तिथेच त्याची प्रभूशी ओळख झाली. आपली साक्ष-पुस्तके अशा ठिकाणी गोष्ट संपवतात. कूपरची संपली नाही. दहा वर्षांनी, १७७३ मध्ये, तोच काळोख परत आला आणि देवाने आपल्याला कायमचे टाकले असे त्याच्या मनाने घेतले. त्याचा पाळक होता जॉन न्यूटन, एकेकाळी गुलामांची जहाजे चालवणारा आणि पुढे गीतकार झालेला. न्यूटनने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, आठवड्या-दोन आठवड्यांसाठी नव्हे, वर्षाहून अधिक काळ. मेरी अन्विन नावाच्या विधवा बाईने त्याची शुश्रूषा केली. शेजाऱ्यांनी त्याला सशाचे एक पिल्लू आणून दिले; मग त्याने तीन ससे पाळले, त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने खुराडी बनवली, बागेत काम केले. १७७९ साली न्यूटनने काढलेल्या गीतसंग्रहात कूपरची साठाहून अधिक गीते आहेत आणि त्यांतली काही आजही जगभर गायली जातात. त्याच्या मनाचा काळोख शेवटपर्यंत पूर्ण गेला नाही. पण १८०० साली तो आजारपणाने, अंथरुणावर, माणसांमध्ये वारला, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. पहिल्या प्रयत्नानंतर छत्तीस वर्षे तो जगला. मला या गोष्टीत सशांचे मोल फार वाटते. कोणाला कोंबड्या, कोणाला शेळी, कोणाला परसातला वेल. सकाळी उठून ज्याला पाणी घालायचे आहे असे काहीतरी असावे.

मागे राहिलेल्यांविषयी

इतके करूनही कधी माणूस जातो. तेव्हा मंडळीची दुसरी परीक्षा सुरू होते. दफनभूमीत जागा द्यायची की नाही, पाळकांनी उपासना चालवायची की नाही, यावर बैठका होतात आणि ती विधवा आत बसून सगळे ऐकत असते. एका प्रसंगी अंत्ययात्रेत मोजकी माणसे होती; मंडळीतली बरीचशी दारात उभी राहून पाहत होती.

शौल राजाने गिलबोवाच्या डोंगरावर स्वतःच्या हाताने प्राण दिला. तो कसा मेला हे सर्वांना ठाऊक होते आणि त्याचे अपराधही ठाऊक होते. तरी याबेश-गिलादच्या माणसांनी रात्रभर चालून जाऊन त्याचे शरीर शत्रूच्या भिंतीवरून उतरवले, हाडे झाडाखाली पुरली आणि सात दिवस उपास केला. कारण पूर्वी कधीतरी त्याने त्यांचे गाव वाचवले होते आणि ते त्यांनी लक्षात ठेवले होते. आणि ज्या दाविदाचा त्याने वर्षानुवर्षे पाठलाग केला होता, त्या दाविदाने त्याच्यासाठी विलाप केला. मृताचा न्याय देवाकडे आहे. आपल्याकडे फक्त रात्रभर चालणे आहे. घरच्यांना "असं का केलं?" विचारू नये; तो प्रश्न ते स्वतःलाच दिवसातून शंभरदा विचारतात. त्यांच्याकडे विशेष लक्ष मात्र ठेवावे, कारण त्यांच्यातल्या कोणाच्या मनात तोच विचार येण्याचा धोका वाढलेला असतो. महिना झाल्यावर, पहिल्या नाताळाला, वर्षाच्या दिवशी जावे. गेलेल्याचे नाव घेऊन बोलावे.

हा पाठ भगिनी मंडळात किंवा तरुण संघात घेणार असाल तर काही सूचना. सभा रात्री ठेवू नये. नंतर बोलायला वेळ राहील अशी दुपार निवडावी. कोणी कसा जीव दिला याच्या कहाण्या सांगू देऊ नयेत, त्याने दुबळ्या मनाला वाट दिसते. "तुमच्या गावातले बैरशेबा कुठे आहे, माणूस कुठपर्यंत दिसतो आणि कुठून दिसेनासा होतो?" या एका प्रश्नावर चर्चा पुरेल. सभेच्या शेवटी दोन विश्वासू माणसे अर्धा तास मागे थांबतील असे आधीच जाहीर करावे, एक बाई आणि एक पुरुष. गावच्या आशाताईंना बोलवावे; उपकेंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापर्यंत कसे पोहोचायचे ते त्या सांगतील. आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावा. २०२२ पासून चालू असलेली ही सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. जिथे पाड्यावर रेंज नाही तिथे रेंज कुठल्या टेकडीवर मिळते आणि रात्री तिथवर कोण सोबत येईल, हेही त्याच सभेत ठरवून घ्यावे.